दुनळी बंदूक आणि शिकारी गद्य : एका वस्तूचे वाङ्मयीन वाचन

१. प्रास्ताविक

वाङ्मयकृतीतील पात्रे, घटना, निवेदन आणि भाषा यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. कृतीत वावरणाऱ्या वस्तूंचा विचार त्या मानाने थोडा झालेला दिसतो. एखाद्या कादंबरीत दिवा, पालखी किंवा जाते आले, की आपण त्याला ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतो आणि पुढे जातो. क्वचित त्या वस्तूला ‘प्रतीक’ ठरवतो. परंतु प्रतीक ठरवतानाही ती वस्तू प्रत्यक्षात कशी असते, हातात कशी बसते, ती कोण घडवतो आणि ती कोणाला परवडते, हे प्रश्न बहुधा बाजूलाच राहतात. वस्तूचे वस्तुपण समजल्याशिवाय तिचे वाङ्मयीन कार्य समजणार नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. ही भूमिका तपासण्यासाठी येथे एक अगदी विशिष्ट वस्तू निवडली आहे. ती म्हणजे शेजारीशेजारी दोन नळ्या असलेली, पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेली उत्तम प्रतीची दुनळी बंदूक.

ही निवड काहीशी अनपेक्षित वाटेल. परंतु एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील रशियन, इंग्रजी व अमेरिकन गद्यात पक्ष्यांच्या शिकारीची एक भरीव परंपरा आहे, आणि त्या परंपरेतील काही महत्त्वाच्या कृतींत बंदूक हे केवळ साधन राहत नाही. या बंदुकीविषयी जाणकारांना वाटणारे आकर्षण आजही टिकून आहे. शंभर वर्षांपूर्वीची दुनळी बंदूक जपणारे, दुरुस्त करून घेणारे आणि ती घेऊन माळावर जाणारे लोक ब्रिटनमध्ये व अमेरिकेत आजही आहेत. या आकर्षणाचे स्वरूप काय? ते केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन आहे, की त्यामागे कौशल्याचा आणि संयमाचा काही विचार आहे? जीव घेण्यासाठीच घडवलेल्या वस्तूला ‘सुंदर’ म्हणताना नेमके काय घडते? हे प्रश्न नीतीचे आहेत तसेच साहित्याचेही आहेत. कारण ते सर्वांत प्रामाणिकपणे विचारले गेले ते कथा-कादंबऱ्यांतूनच.

२. वस्तूचे स्वरूप

प्रथम वस्तूची ओळख करून घेणे आवश्यक आहे. माळरान, डोंगरउतार, कापणी झालेली शेते आणि विरळ झाडी यांत राहणारे तित्तर, लावे, ग्राउझ, फेझंट, वुडकॉक हे पक्षी आणि दलदलीच्या कडेचे पाणलावे यांची शिकार पायी चालत, कुत्र्याच्या मदतीने करण्याची एक पद्धत आहे. कुत्रा वास घेत पुढे जातो, पक्षी दडलेला आढळला की स्तब्ध उभा राहतो, शिकारी जवळ येतो आणि पक्षी अचानक, मोठ्या फडफडाटाने उडतो. बंदूक खांद्याला लावून चाप ओढण्यासाठी शिकाऱ्याला दोन-तीन क्षणांहून अधिक अवधी मिळत नाही. येथे नेम धरणे हा शब्दही नीटसा लागू पडत नाही. बोट दाखवावे तशी बंदूक उडत्या पक्ष्याच्या वाटेकडे रोखली जाते. एकाच गोळीऐवजी शिशाच्या बारीक छऱ्यांचा पुंजका उडतो, तो याच कारणाने.

या कामासाठी घडलेल्या बंदुकीची परिमाणे या गरजेतूनच ठरली आहेत. आपल्याकडेही ‘बारा बोअर’ हा शब्द सर्वपरिचित आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांपैकी एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअरच्या नळीचा व्यास होय; तो सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. म्हणूनच वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते. इंग्रज कारागिरांनी घडवलेली पक्षी-शिकारीची बारा बोअरची बंदूक साधारणपणे साडेसहा पौंडांची, म्हणजे सुमारे तीन किलोची असते. दिवसभर चालणाऱ्या माणसाला ती जड होऊ नये, पण उडवताना खांद्याला बसणारा धक्का सोसता यावा, असा हा तोल आहे. वजनाचा मध्य दोन्ही हातांच्या मधोमध यावा, यासाठी कारागीर नळ्यांची जाडी लांबीनुसार कमी-अधिक करतो. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असतो आणि तो मालकाच्या अंगाच्या मापाने घडवला जातो : हाताची लांबी, मानेची उंची, खांद्याची रुंदी, कोणता डोळा प्रबळ आहे, हे सारे पाहून दस्त्याची लांबी, उतार आणि बाजूचा कल ठरतो. शिंप्याने अंगावर कपडा बेतावा तशी ही बंदूक बेतलेली असते. ती खांद्याला आली की डोळा, नळी आणि हात एका रेषेत येतात. विचार करावा लागत नाही.

दोन नळ्या शेजारीशेजारी का? वर-खाली नळ्यांची बंदूकही उत्तम असते. लंडनच्या बॉस कंपनीने १९०९ साली तसा एक प्रसिद्ध नमुना तयार केला आणि अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेची बंदूक त्यांच्या मृत्यूनंतर, १९३१ मध्ये बाजारात आली. तरीही शेजारी नळ्यांच्या बंदुकीचे चाहते सांगतात की, तिच्या नळ्या हाताच्या पंजात खोल बसतात, त्यामुळे बोट आणि नळी यांत अंतर राहत नाही. शिवाय काडतुसे भरण्यासाठी ती फारशी मोडून उघडावी लागत नाही. तिच्यात पारंपरिक रीतीने दोन चाप असतात. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजव्या नळीचे तोंड मोकळे असते, त्यामुळे तिचे छरे जवळच्या अंतरावर पसरतात. डाव्या नळीचे तोंड किंचित आवळलेले असते, त्यामुळे तिचे छरे दूरपर्यंत एकत्र राहतात. पक्षी जवळून उठला तर पहिला चाप, दूर गेला तर दुसरा. निवड बोटाच्या एका हालचालीत होते. आणि दोन बारांनंतर बंदूक रिकामी होते. ही शेवटची गोष्ट प्रस्तुत विवेचनात सर्वांत महत्त्वाची आहे.

या वस्तूला इतिहास आहे. जोसेफ मॅन्टन या लंडनच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुनळी बंदुकीला तिचे सडपातळ रूप दिले. त्याच्याकडे काम केलेल्या जेम्स पर्डी यांनी १८१४ मध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्या काळी दारू आणि छरे नळीच्या तोंडातून ठासून भरावे लागत. फ्रान्समधील लफोशो यांच्या, मागून मोडून काडतूस भरण्याच्या बंदुकीकडे १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात इंग्रज कारागिरांचे लक्ष वेधले गेले आणि पुढील दोन-तीन दशकांत जुनी पद्धत मागे पडली. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्‌स कंपनीतील अँसन व डीली यांनी बाहेरचे घोडे नाहीसे करणारी सुटसुटीत कळ तयार केली; १८८० मध्ये फ्रेडरिक बीझली यांनी घडवलेली कळ पर्डींनी स्वीकारली. याचा अर्थ असा की, ज्या बंदुकीला आज ‘अभिजात’ म्हटले जाते तिचे रूप १८५१ ते १८८० या तीस वर्षांत जवळजवळ पूर्ण झाले. रशियन वास्तववादी गद्याचा ऐन बहरही याच काळातला. हा योगायोग अभ्यासकाने नजरेआड करू नये.

३. तुर्गेनेव्ह : दोन बंदुका, दोन माणसे

इव्हान तुर्गेनेव्ह यांचे ‘शिकाऱ्याच्या नोंदी’ हे पुस्तक १८५२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील पहिली कथा १८४७ मध्ये ‘सोव्रेमेन्निक’ या नियतकालिकात आली होती. रशियातील भूदासांचे जीवन सहानुभूतीने दाखवणारे पुस्तक म्हणून त्याची ख्याती आहे, आणि १८६१ मधील भूदासमुक्तीच्या पार्श्वभूमीवर त्याचा उल्लेख नेहमी होतो. परंतु त्याचा निवेदक शिकारी का आहे, हा प्रश्न पुरेसा विचारला जात नाही. उत्तर सोपे आहे : बंदूक खांद्यावर असलेला जमीनदार कोणत्याही गावात, कोणत्याही झोपडीत, कोणत्याही वेळी जाऊ शकतो. पावसात अडकला, वाट चुकला, गाडीचा आस मोडला, की तो भूदासाच्या दारी पोहोचतो. बंदूक हा निवेदकाचा परवाना आहे.

निवेदक स्वतःच्या बंदुकीविषयी फार थोडे बोलतो. उलट ‘येर्मोलाय आणि गिरणीवाल्याची बायको’ या कथेत येर्मोलायच्या बंदुकीचे वर्णन तो आवर्जून करतो. येर्मोलाय हा शेजारच्या जमीनदाराचा भूदास. धन्याच्या स्वयंपाकघरात दर महिन्याला ठरावीक ग्राउझ आणि तित्तर पोहोचवणे एवढेच त्याच्यावर बंधन. त्यासाठी लागणारी दारू व छरे मात्र धनी देत नाही. त्याच्याकडे एकनळी, चकमकीची, जुनाट बंदूक आहे. ती इतका जोराचा धक्का देते की येर्मोलायचा उजवा गाल डाव्यापेक्षा नेहमी सुजलेला असतो. अशा बंदुकीने तो पक्षी कसा पाडतो हे कोणाला उमगत नाही. पण तो पाडतो.

मागील विभागातील तपशील लक्षात घेतला तर या वर्णनाचा अर्थ स्पष्ट होतो. उत्तम बंदूक माणसाच्या अंगाच्या मापाने घडते. येर्मोलायच्या बाबतीत मात्र माणसाचे अंगच बंदुकीच्या मापाने घडले आहे. त्याचा सुजलेला गाल हा विनोद म्हणून येतो, परंतु दास्य म्हणजे काय, हे त्या एका तपशिलात सामावले आहे. तुर्गेनेव्ह येथे भाष्य करत नाहीत. ते फक्त बंदूक दाखवतात आणि कौशल्य कोणाकडे आहे, साधन कोणाकडे आहे, हे वाचकाला दिसते. उत्तम बंदुकीच्या आकर्षणाचा विचार करताना हा गाल विसरता येणार नाही.

१८५१ मधील ‘सुंदर मेचाचा कस्यान’ या कथेत प्रश्न आणखी खोल जातो. निवेदक एक कॉर्नक्रेक पक्षी पाडतो. बरोबर असलेला कस्यान हा ठेंगणा, विक्षिप्त वृद्ध हाताने डोळे झाकतो आणि निवेदक बंदूक पुन्हा भरून पक्षी उचलेपर्यंत हलत नाही. नंतर तो पक्षी पडला त्या जागी जातो, रक्ताचे थेंब पडलेल्या गवताकडे वाकून पाहतो आणि हे पाप असल्याचे पुटपुटतो. पुढे तो निवेदकाला सरळ विचारतो की, त्याने हा पक्षी का मारला. खाण्यासाठी तर नव्हे, करमणुकीसाठी. पाळलेले पक्षी माणसासाठी आहेत, रानातले मोकळे आहेत, असा त्याचा विचार आहे.

येथे एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची ठरते. ही बंदूक तोंडातून भरण्याची आहे. बार उडाल्यावर दारू मोजून ओतणे, बोळा ठासणे, छरे टाकणे, पुन्हा बोळा ठासणे, टोपी बसवणे, एवढे सारे करावे लागते. कस्यानचा हात डोळ्यांवर राहतो तो या संपूर्ण अवधीत. काडतुसाच्या बंदुकीत हा अवधी काही क्षणांचा झाला असता. कथेतील नैतिक विराम बंदुकीच्या यंत्रणेने दिला आहे आणि लेखकाने तो भरून काढला आहे. वस्तूचे वस्तुपण समजल्याशिवाय तिचे वाङ्मयीन कार्य समजत नाही, असे आरंभी म्हटले ते याच अर्थाने.

४. टॉलस्टॉय : फाटका कोट आणि नवी बंदूक

‘अॅना कॅरेनिना’ (१८७५–७७) च्या सहाव्या भागात लेव्हिन, ओब्लोन्स्की आणि तरुण वेस्लोव्स्की पाणलाव्यांच्या शिकारीला निघतात. निघण्यापूर्वी टॉलस्टॉय त्यांच्या पोशाखाची तुलना करतात. वेस्लोव्स्की नवा कोरा, झकपक पोशाख करून आला आहे. ओब्लोन्स्कीच्या अंगावर फाटकी विजार आणि आखूड कोट आहे, डोक्यावरच्या टोपीचे नुसते अवशेष उरले आहेत; पण त्याची नव्या पद्धतीची बंदूक अत्यंत देखणी आहे, आणि पिशवी व काडतुसांचा पट्टा वापरून जुने झाले असले तरी उत्तम प्रतीचे आहेत. हे पाहून वेस्लोव्स्कीला खऱ्या शिकाऱ्याचा डौल म्हणजे काय, याचा साक्षात्कार होतो : कपडे फाटके असावेत, साहित्य सर्वोत्कृष्ट असावे.

हा परिच्छेद उत्तम बंदुकीच्या आकर्षणाचे बहुधा सर्वांत नेमके विश्लेषण आहे. दोन प्रकारच्या दिखाऊपणांतला फरक टॉलस्टॉय दाखवतात. नवा पोशाख पाहणाऱ्यासाठी असतो. जुना पट्टा आणि उत्तम बंदूक हीसुद्धा पाहणाऱ्यासाठीच असतात, मात्र तो पाहणारा जाणकार असावा लागतो. अभिरुची हीही वर्गाची खूण असते, आणि ती लपवल्याने अधिक उठून दिसते. तथापि टॉलस्टॉय तेथेच थांबत नाहीत. ओब्लोन्स्की खरोखर चांगला नेमबाज आहे. त्याची बंदूक आणि त्याचे कौशल्य यांत खोटेपणा नाही. खोटेपणा आहे तो वेस्लोव्स्कीच्या अनुकरणात, आणि त्याच्या हातून चुकून बार उडतो व छरे जमिनीत घुसतात तेव्हा तो उघडा पडतो.

पहिल्या दिवशी लेव्हिनचे नेम चुकत राहतात. त्याच्या मनात वेस्लोव्स्कीविषयी मत्सर आहे, किटीविषयी अस्वस्थता आहे. रात्री गवताच्या कोठारात पडल्या पडल्या मित्रांमध्ये वाद होतो : आपण खातो-पितो, शिकार करतो आणि शेतकरी कष्ट करतो, हे न्याय्य आहे काय? ओब्लोन्स्की म्हणतो की, एकतर व्यवस्था न्याय्य माना आणि आपले हक्क राखा, नाहीतर आपण अन्यायाने सुख भोगतो हे मान्य करून ते आनंदाने भोगा. लेव्हिनला दोन्ही जमत नाही. पहाटे तो एकटाच, लास्का या कुत्रीला घेऊन निघतो आणि नेम अचूक लागतात. दहाच्या सुमारास तो एकोणीस पक्षी आणि एक बदक घेऊन परततो.

कादंबरीच्या रचनेत ही पहाट लेव्हिनच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ती त्याला काही काळ प्रश्नापासून मुक्त करते. माणूस, कुत्रा, बंदूक आणि पक्षी यांचे एकच चलन होते आणि त्यात ‘मी’ची टोचणी उरत नाही. शिकारी गद्यातील सुखाचे हे मूळ रूप आहे. अंगाला बेतलेल्या बंदुकीचा गुण तोच : ती हातात आहे हे विसरायला लावते. परंतु रात्रीचा वाद टॉलस्टॉयनी पहाटेच्या अगदी अलीकडे ठेवला आहे. सुख खरे आहे आणि त्याची किंमत दुसरा कोणी देतो आहे, ही दोन्ही विधाने ते शेजारीशेजारी ठेवतात.

५. दोन बारांची मर्यादा

दोन बारांनंतर रिकामी होणारी बंदूक ही विसाव्या शतकात एका विचाराची वाहक झाली. आपोआप भरणाऱ्या, अधिक काडतुसे मावणाऱ्या बंदुका उपलब्ध असतानाही दुनळी वापरणे म्हणजे स्वतःहून मर्यादा पत्करणे होय, असे तिचे चाहते मानू लागले. या विचाराचे सर्वांत भक्कम वाङ्मयीन रूप अमेरिकन वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांच्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’मध्ये आढळते. लिओपोल्ड १९४८ मध्ये वारले आणि पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ते लहानपणची एक आठवण सांगतात. वडिलांनी बंदूक दिली आणि ग्राउझ मारण्याची परवानगी दिली, मात्र झाडावर बसलेला पक्षी मारायचा नाही, उडताच मारायचा, अशी अट घातली. कुत्रा पक्ष्यांना झाडावर चढवण्यात पटाईत होता. समोर बसलेला, हमखास मिळणारा पक्षी सोडून उडत्या, जवळजवळ अशक्य पक्ष्यावर बार टाकणे हा आपल्या नीतिशिक्षणाचा पहिला पाठ होता, असे ते सांगतात. शिकाऱ्याला टाळ्या वाजवणारे प्रेक्षक नसतात, म्हणून त्याचा नियम त्याच्या विवेकावरच टिकतो, असा त्यांचा मुद्दा आहे. आणि यंत्रसाहित्य विकणाऱ्या बाजाराने हा विवेक झिजवला, अशी त्यांची तक्रार आहे.

लिओपोल्ड यांची भूमिका आकर्षक आहे, पण ती तपासून घेतली पाहिजे. मर्यादा बंदुकीत असते की माणसात? इतिहास याचे उत्तर स्पष्ट देतो. इंग्लंडमधील श्रीमंत जमीनदारांनी हाकाऱ्यांकरवी पक्षी उठवून बंदूकधाऱ्यांवर आणण्याची पद्धत वाढवली. तेथेही हातात तीच, उत्तमोत्तम दुनळी बंदूक असे. फक्त ती एक नसून जोडीने असे आणि मागे उभा असलेला चाकर रिकामी घेऊन भरलेली देत राही. १८ डिसेंबर १९१३ रोजी हॉल बार्न येथे राजे पाचवे जॉर्ज यांच्या उपस्थितीत एका दिवसात ३,९३७ फेझंट मारले गेले. परतताना राजांनाही आज आपण मर्यादा ओलांडली की काय, अशी शंका आली, असे त्यांच्या ज्येष्ठ पुत्राने १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदवले आहे. भारतातही हे घडले. लंडनच्या बंदूककारांच्या ग्राहकांत आपले संस्थानिक मोठ्या संख्येने होते. भरतपूरच्या केवलादेव येथे नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्या ठिकाणी आज राष्ट्रीय उद्यान आहे आणि हे आकडे तेथे दगडावर कोरलेले आहेत.

इझाबेल कोलगेट यांच्या ‘द शूटिंग पार्टी’ (१९८०) या कादंबरीने हाच विषय घेतला आहे. १९१३ मधील शरद ऋतू, ऑक्सफर्डशायरमधील सर रँडॉल्फ नेटलबी यांची जहागीर, पाहुण्यांची शिकार. लॉर्ड हार्टलिप हा ख्यातनाम नेमबाज. लायोनेल स्टीफन्स हा तरुण त्याच्या तोडीचा निघतो आणि न बोलता स्पर्धा सुरू होते. शिकारीच्या शिष्टाचारात पक्षी मोजून स्पर्धा करणे निषिद्ध. परंतु दोघांच्याही मनात मोजणी चालू असते. अखेर हार्टलिप घाईने खाली बार टाकतो आणि टॉम हार्कर हा हाकारा मरतो. हातात उत्कृष्ट बंदूक, अंगी उत्कृष्ट कौशल्य, आणि तरीही एक गरीब माणूस मारला जातो. कारण संयमाची जागा मोजणीने घेतली. हार्करच्या मृत्यूमागे वाचकाला येणारे महायुद्धही दिसते. तुर्गेनेव्हच्या कथेत भूदासाचा गाल सुजला होता. येथे हाकाऱ्याचा जीव जातो. बंदुकीची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

यावरून असे म्हणता येईल की, दोन बारांची मर्यादा ही एक शक्यता आहे, हमी नव्हे. वस्तू माणसाला संयमाची आठवण करून देऊ शकते. संयम देऊ शकत नाही.

६. वारसा

उत्तम दुनळी बंदूक नीट जपल्यास पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यामुळे ती बापाकडून मुलाकडे जाते आणि तिच्या आकर्षणात स्मृतीचा वाटा मोठा असतो. आजोबांच्या अंगाला बेतलेला दस्ता नातवाच्या खांद्याला तंतोतंत बसत नाही. तो वाकवून किंवा वाढवून घ्यावा लागतो. वारशाच्या स्वरूपाविषयी याहून बोलका तपशील शोधून सापडणार नाही.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘फादर्स अँड सन्स’ ही कथा १९३३ मधील ‘विनर टेक नथिंग’ या संग्रहात आहे. निक अॅडम्स गाडी चालवत आहे, शेजारी मुलगा झोपला आहे, आणि रस्त्याकडेची शेते पाहून निक मनातल्या मनात लाव्यांची शिकार करतो आहे. त्यातून वडील आठवतात. त्यांची नजर विलक्षण तीक्ष्ण होती. शिकार आणि मासेमारी त्यांनीच शिकवली. ते मुलाला दिवसाला तीनच काडतुसे देत, म्हणजे तो उगाच बार उडवत फिरणार नाही. बंदुकीची जात किंवा घडण यांविषयी कथा काही सांगत नाही. ती कोणी दिली, एवढेच महत्त्वाचे आहे. एका प्रसंगी शिक्षा झालेला लहान निक लाकडाच्या कोठारात भरलेली बंदूक घेऊन बसतो आणि ओसरीवर वर्तमानपत्र वाचणाऱ्या वडिलांकडे पाहत, आपण त्यांना ठार करू शकतो, असा विचार करतो. मग राग ओसरतो आणि ही बंदूक त्यांनीच दिली आहे, या जाणिवेने त्याला किळस येते.

कथेच्या अखेरीस निकचा मुलगा विचारतो की, मला बंदूक कधी मिळेल. बाराव्या वर्षी, सावधपणा दिसला तर, असे उत्तर मिळते. वारसा पुढे सरकतो. हेमिंग्वे यांच्या वडिलांनी १९२८ मध्ये पिस्तुलाने आत्महत्या केली होती. हेमिंग्वे यांनी स्वतः २ जुलै १९६१ रोजी दुनळी बंदुकीनेच आपले जीवन संपवले. चरित्रातील घटनेवरून कथेचा अर्थ लावणे योग्य नव्हे, हे मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की, बंदुकीबरोबर कौशल्य आणि प्रेम जसे वारशाने येते, तसे आणखीही काही येते, ही जाणीव कथेतच आहे. हेमिंग्वे यांनी वस्तूचे गौरवीकरण केले नाही. तिच्या दोन्ही नळ्या भरलेल्या आहेत, हे त्यांनी दाखवले.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला : शेजारी नळ्यांच्या उत्तम बंदुकीचे आकर्षण खरे आहे आणि ते केवळ श्रीमंतीचे नाही. शरीराशी जुळणारे माप, क्षणात करायची निवड आणि दोन बारांची मर्यादा या तीन गुणांतून ते निर्माण होते. दुसरा : श्रेष्ठ शिकारी गद्याने हे आकर्षण नाकारले नाही, पण त्याच्या शेजारी त्याची किंमत नेहमी ठेवली. येर्मोलायचा गाल, कस्यानचा डोळ्यांवरचा हात, कोठारातील वाद, हार्करचा मृत्यू आणि निकची किळस ही त्या किमतीची रूपे आहेत. तिसरा : बंदुकीची यंत्रणा, तिच्या भरण्याला लागणारा वेळ, तिच्या चापांची संख्या, या बाबी कथनाच्या लयीशी आणि नैतिक रचनेशी थेट संबंधित असतात. त्यांना ‘बाह्य तपशील’ म्हणून बाजूला सारणारी समीक्षा कृतीचा एक भाग वाचतच नाही.

मराठीच्या अभ्यासकांना यातून काय घेता येईल? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे युग संपवले. ते संपले हे योग्यच झाले. त्यामुळे मराठीतील शिकारकथा आज एका संपलेल्या व्यवहाराची कागदपत्रे झाल्या आहेत, आणि म्हणूनच त्या नव्याने वाचण्याची वेळ आली आहे. या कथांत बंदूक कोणाची आहे, हाकारे कोण आहेत, त्यांची नावे लेखक देतो काय, जखमी जनावराच्या मागे कोण जातो, चहा कोण करतो, हे प्रश्न पदव्युत्तर वर्गात विचारण्यासारखे आहेत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी जन्मभर निगडित असलेल्या डॉ. सलीम अली यांच्या पक्षिशास्त्राचा आरंभही लहानपणी छऱ्याच्या हवाई बंदुकीने पाडलेल्या, पिवळ्या कंठाच्या एका चिमणीपासून झाला, हे सर्वश्रुत आहे. तो कोणता पक्षी, या कुतूहलाने तो मुलगा संस्थेच्या दारी गेला. हातातल्या मेलेल्या पक्ष्याकडे पाहून एकाला तो किती पडले हे मोजावेसे वाटते, दुसऱ्याला तो कोण होता हे विचारावेसे वाटते. बंदूक दोघांच्याही हाती असते. साहित्याचे काम या दोन नजरांमधील अंतर दाखवणे हे आहे, आणि समीक्षेचे काम ते अंतर कृतीत नेमके कोठे, कोणत्या वस्तूच्या आधाराने दाखवले आहे हे शोधणे, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.